डिस्क नवी, थरथर तीच: दामटून चालवल्या जाणाऱ्या गाडीसाठी ब्रेक डिस्क कशी निवडावी

तक्रार ठरलेली असते. शंभरच्या आसपास वेग असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं, पेडलला ठोके जाणवतात. गॅरेजमध्ये ‘डिस्क बेंड झाल्यात’ असं निदान होतं. नव्या डिस्क पडतात आणि गाडी एकदम गुळगुळीत थांबायला लागते. काही हजार किलोमीटर झाले की थरथर परत. मग माणूस वैतागून भोकं पाडलेल्या डिस्क घेतो, त्याही तसंच करतात. त्यानंतर त्याहून महागड्या.

गाडी सावकाश चालवणाऱ्याच्या बाबतीत हा प्रकार वर्षानुवर्षं लपून राहतो. घाटउतारावर, द्रुतगती मार्गावर किंवा ट्रॅकवर गाडी दामटणाऱ्याला तो लगेच गाठतो, कारण उष्णता प्रत्येक बारीक चूक वाढवून दाखवते. म्हणून अशा गाडीसाठी ‘कुठली डिस्क चांगली?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, आधीची डिस्क कशाने गेली? तो न विचारता कितीही भारी माल घातला तरी तो त्याच वाटेने जाणार. उतरवलेली डिस्क भंगारात टाकण्याआधी नीट बघा. पुढची कुठली घ्यायची हे ती बऱ्यापैकी सांगते.

आधी तक्रार नक्की कुठली, ते ठरवा

‘ब्रेक गरम झाल्यावर बरोबर लागत नाही’ या एका वाक्याखाली तीन वेगळे आजार येतात.

पेडल मऊ पडून खाली जात असेल तर डिस्कला दोष देऊ नका, ब्रेक ऑइल उकळतंय. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि मग हीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. दामटून चालवायची गाडी असेल तर ऑइल दरवर्षी बदला. ट्रॅकवर जाणार असाल तर त्याच्या आधीही.

पेडल कडक आहे, पाय रोवून दाबताय, तरी गाडी थांबत नाही? हे पॅडचं, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या घर्षणाच्या तुकड्याचं काम. पॅड त्याच्या झेपेबाहेर तापलं की घर्षण घसरतं. इथे डिस्क अंशतः जबाबदार असते, कारण हलकी डिस्क लवकर तापते आणि पॅडलाही तापवते.

पेडल आणि पकड दोन्ही ठीक, पण चाकाच्या फेऱ्यांबरोबर थरथर येते आणि वेग उतरला की ठोक्यांचा वेगही उतरतो. हा आपला विषय. ताशी १०० किलोमीटरला साधारण दोन मीटर परिघाचं चाक सेकंदाला १४ फेऱ्या मारतं, त्यामुळे त्या वेगाला थरथर बारीक आणि घाईची लागते, चाळीसला तीच डुलल्यासारखी वाटते. ब्रेक न दाबताही थरथर असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर बघा. स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची डिस्क, स्टिअरिंग स्थिर पण सीट आणि पेडल हलत असेल तर मागची. अचानक जोरात दाबल्यावर पेडलची जी खडखड होते ती एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) असते आणि ती तशी व्हायलाच हवी.

‘बेंड’ म्हणजे नेमकं काय

कास्ट आयर्नची डिस्क वाकून थाळीसारखी होणं हे ऐकायला पटतं, पण रस्त्यावरच्या गाडीत ते फार क्वचित घडतं. घडतं ते वेगळंच: डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी जाड, दुसऱ्या जागी पातळ. जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, ऑइलचा दाब वाढतो, पकड वाढते. पातळ भागाला उलट. प्रत्येक फेरीला हा चढ-उतार, तीच थरथर. जाडीतला फरक किती लागतो? ०.०१५ ते ०.०२ मिमी पुरतो. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो.

हा फरक तीन वाटांनी तयार होतो, आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पहिली वाट डगमगीची. डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर) अगदी सरळ बसलेली नसते, फिरताना कडेला किंचित आत-बाहेर होते. बऱ्याच गाड्यांमध्ये ही डगमग ०.०५ मिमीच्या आत असावी अशी अपेक्षा असते (नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा). त्याहून जास्त असली तरी नव्या डिस्कवर सुरुवातीला काहीच जाणवत नाही, कारण जाडी सारखी असते आणि कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणारा भाग, डिस्कबरोबर सरकतं. पण ब्रेक न दाबता गाडी चालत असतानाही डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेरीला पॅडला पुसटसा घासत राहतो. आतल्या बाजूने एका जागी, बाहेरच्या बाजूने बरोबर समोरच्या जागी. हजारो किलोमीटर हे चाललं की त्या दोन जागा पातळ होतात. म्हणूनच थरथर पहिल्या दिवशी येत नाही, पाच-सात हजारांनंतर येते, आणि दोष मात्र डिस्कच्या नावावर जातो.

दुसरी वाट पॅडच्या थराची. पॅड आणि डिस्क नीट एकमेकांना रुळल्या की डिस्कवर पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर बसतो. ब्रेक तापलेला असताना गाडी थांबवून पेडल दाबून धरलं, तर पॅडखालच्या जागी जाड थर छापला जातो. कधीकधी पॅडचा आकार डिस्कवर स्पष्ट उमटलेला दिसतो. त्या जागेची पकड वेगळी, ती जास्त तापते, तिथे अजून माल चिकटतो.

तिसरी वाट पुढची पायरी आहे आणि तिथून परत येता येत नाही. एखादा भाग ६५०-७०० अंशांच्या पलीकडे गेला की त्या जागी लोखंडाची अंतर्गत रचना बदलते आणि सिमेंटाइट नावाचं अतिशय कडक संयुग तयार होतं. कडक भाग कमी झिजतो, म्हणून उंच राहतो, म्हणून अजून तापतो. वरवर घासून तो जात नाही, कारण तो पृष्ठभागाखाली उतरलेला असतो.

जुनी डिस्क वाचायची कशी

व्हर्नियरने मापू नका. डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली कड उभी राहते आणि व्हर्नियर तिच्यावरच अडकतो, माप खोटं येतं. मायक्रोमीटर घ्या, कडेपासून साधारण १० मिमी आत, खडूने आठ सारखे भाग पाडून आठ ठिकाणी जाडी मोजा आणि आकडे डिस्कवरच लिहा.

समजा आकडे असे आले: २४.६१, २४.६०, २४.५८, २४.६०, २४.६१, २४.६०, २४.५८, २४.६१. तिसरी आणि सातवी जागा कमी, आणि त्या एकमेकींच्या बरोबर समोर आहेत. ही बहुतेक वेळा डगमगीची सही असते. इथे नवी डिस्क कितीही भारी घेतली तरी उपयोग नाही, दुखणं हबमध्ये किंवा बसवण्यात आहे. आकडे कुठेही कसेही वर-खाली होत असतील आणि डिस्कवर पॅडच्या आकाराचे करडे डाग असतील, तर थराचं प्रकरण. आणि डिस्कभर ठराविक अंतरावर निळसर-काळे गोल ठिपके असतील तर उष्णतेचं. हा शेवटचा संशय पक्का करायला बारीक कानस घ्या आणि ठिपक्यावर हलकेच चालवा. चांगल्या लोखंडावर कानस खाते, बारीक कीस निघतो. सिमेंटाइटवर ती काचेवरून जावी तशी घसरते. तेवढं समजलं की लेथवर डिस्क सपाट करून घेण्याचा विचार सोडा.

रंगही बोलतो. पूर्ण पट्टा सारखा निळा-जांभळा असेल तर डिस्क खूप तापली आहे पण समान तापली आहे. हे ठिपक्यांपेक्षा बरं, पण डिस्क लहान पडते असा त्याचा अर्थ. तापमानाचा नेमका अंदाज हवा असेल तर डिस्कच्या कडेला लावायचे रंग मिळतात, जे ठराविक तापमानाला बदलतात. मोटरस्पोर्टमध्ये सर्रास वापरला जाणारा हिरवा, नारिंगी, लाल असा संच ४३०, ५६० आणि ६१० अंशांना पलटतो. तिन्ही रंगांच्या रेघा ओढा, गाडी दामटून या, कुठल्या रेघेचा रंग पलटला बघा. खरेदीआधी एवढी एक गोष्ट केली तरी अर्धे वाद मिटतात. रस्त्यावर जोरात चालवणाऱ्या बऱ्याच जणांची हिरवी रेघही पलटत नाही, आणि ते मात्र रेसिंगच्या डिस्क शोधत असतात.

तडे बघताना फरक करा. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं हे तापण्या-गार होण्याचं नेहमीचं लक्षण, त्यावर लक्ष ठेवून डिस्क वापरता येते. नख अडकेल असा तडा, बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेला तडा किंवा एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलेला तडा दिसला तर ती डिस्क त्याच दिवशी बाद.

पॅडही उलटसुलट करून बघा. आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा खूप झिजलंय किंवा तिरकं झिजलंय, म्हणजे कॅलिपरच्या स्लाइड पिना अडकल्या आहेत किंवा पिस्टन मागे येत नाहीये. असं पॅड कायम घासत राहतं आणि डिस्कला गार व्हायला वेळच देत नाही. पिना काढून साफ करा, ब्रेकसाठीच असलेलं उष्णता सोसणारं ग्रीस लावा. डावं-उजवं चाक एका फेरीनंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासलं तर अडकलेलं कॅलिपर लगेच सापडतं.

हब: जिथे कोणी बघत नाही

नवी डिस्क बसवताना दहा मिनिटं वाचवण्यासाठी जी पायरी गाळली जाते ती हीच. जुनी डिस्क हातोडीने पाडली, हबवर गंजाचे पापुद्रे तसेच, त्यावर नवी डिस्क चढवली, गनने नट आवळले. हबचा व्यास साधारण १४० मिमी आणि डिस्कचा ३०० धरला, तर हबच्या कडेला राहिलेला ०.०३ मिमीचा गंजाचा कण डिस्कच्या कडेला दुपटीहून जास्त, म्हणजे ०.०६ मिमीची डगमग देतो. तेवढ्यात मर्यादा ओलांडली.

हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने आणि घासणीने चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करा. बोल्टच्या मुळाशी जी गोल खाच असते तिथे गंज दडून बसतो, ती वेगळी साफ करावी लागते. मग बेअरिंगला खेळ (ढिलेपणा) आहे का बघा. खेळ असेल तर पुढचं मोजमाप व्यर्थ.

आता डिस्क चढवा, सगळे नट वॉशर घालून सारखे आवळा, डायल गेज (बारीक डगमग सुईने दाखवणारं मापक) स्टिअरिंग नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या न फिरणाऱ्या भागाला, घट्ट बांधा आणि सुई डिस्कच्या कडेपासून १० मिमी आत टेकवा. डिस्क हाताने सावकाश फिरवा. समजा डगमग ०.०९ मिमी आली. सर्वात उंच जागेवर डिस्कला आणि तिच्या शेजारी हबला खडूने खूण करा, डिस्क काढून एक बोल्ट पुढे फिरवून पुन्हा बसवा आणि परत मोजा. उंच जागा डिस्कच्या खुणेबरोबर सरकली तर डिस्क सदोष. हबच्या खुणेपाशीच राहिली तर हब किंवा त्यावरचा उरलेला गंज. बऱ्याचदा दोघांचीही थोडी थोडी असते, आणि एखाद्या बोल्टवर ती एकमेकींना खोडून ०.०३ वर येते. तीच जागा कायम करा. डिस्कला जागेवर धरणारा छोटा स्क्रू असेल तर मात्र फिरवायची सोय नसते. तिथे हबवर ठेवायची तिरक्या जाडीची शिम (पातळ चकती) वापरावी लागते किंवा हब बदलावा लागतो.

चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचनेच, समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत. बहुतेक कारमध्ये ९० ते १२० न्यूटन-मीटर असतो, पण आपल्या गाडीचा आकडा बघून घ्या. गनने एक नट १८० ला आणि शेजारचा ८० ला आवळला की चांगली डिस्कही तिरकी बसते. टायरवाल्याकडे चाक काढलं असेल तर नट सैल करून स्वतः पुन्हा आवळायला मी तरी लाजत नाही.

आता खरेदी: आधी वजन, मग बाकी

ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलणं, आणि ती उष्णता पहिल्या काही सेकंदांत डिस्कच्या लोखंडातच साठते. १५०० किलोची गाडी १०० वरून शून्यावर आणली तर सुमारे ५८० किलोज्यूल. १६० वरून आणली तर सुमारे १,४८० किलोज्यूल. वेग दीडपटीहून थोडा जास्त, उष्णता अडीचपट. जोरात ब्रेक मारताना यातली साधारण ७० टक्के पुढच्या दोन डिस्क घेतात.

घासला जाणारा कडा (पॅड जिथे दाबतं तो डिस्कचा बाहेरचा गोल भाग) पाच किलोचा असेल तर १६० वरच्या एकाच ब्रेकला तो अंदाजे २०० अंशांनी तापतो. सात किलोचा असेल तर १५० अंशांनी. हा फरक एका ब्रेकचा आहे, आणि पुढचा ब्रेक डिस्क गार व्हायच्या आत येतो. त्यामुळे दोन डिस्कमध्ये निवड करायची असेल तर माझा पहिला प्रश्न: वजन किती? एकाच गाडीसाठीच्या, एकाच व्यासाच्या दोन डिस्क तराजूवर ठेवल्या तर वजनात चांगलाच फरक निघू शकतो. स्वस्त डिस्कमध्ये दोन थाळ्यांमधल्या हवेच्या खाचा रुंद आणि घासणाऱ्या थाळ्या पातळ ठेवून लोखंड वाचवलेलं असतं. बाहेरून जाडी तीच दिसते. दोन्ही थाळ्यांची जाडी कडेवरून बघा, सारखी आहे ना तेही बघा. एक थाळी जाड आणि एक पातळ असेल तर ओतकामात गाभा सरकलेला आहे. अशी डिस्क तापली की असमान फुगते.

दुसरं, लोखंड. बहुतेक डिस्क ग्रे कास्ट आयर्नच्या असतात, त्यात कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. हाय-कार्बन म्हणून मिळणाऱ्या डिस्कमध्ये हे प्रमाण जास्त, साधारण ३.६ टक्क्यांच्या पुढे. ग्रॅफाइट उष्णता पसरवतो आणि कंपनं शोषतो, म्हणजे एखादी जागाच तापून ठिपका पडण्याची शक्यता कमी. त्याने लोखंडाची ताकद थोडी उतरते, ती भरून काढायला क्रोमियम, मॉलिब्डेनमसारखे धातू घालतात. ज्याच्या जुन्या डिस्कवर निळे ठिपके आहेत त्याने पैसे इथे घालावेत. भोकांवर नाही.

तिसरं, हवा. व्हेंटिलेटेड डिस्क पंख्यासारखी मधून हवा ओढते आणि कडेने फेकते. आतल्या पात्या सरळ असतील किंवा खांबांच्या रांगा असतील तर डिस्क दोन्ही बाजूंना चालते. वक्र पात्यांची डिस्क हवा जास्त फेकते, पण डावी-उजवी वेगळी असते: गाडीवर बसवल्यावर डिस्कच्या वरच्या भागात पात्या मधून बाहेर येताना गाडीच्या मागच्या बाजूला झुकलेल्या हव्यात. ‘वक्र पात्या’ म्हणून विकलेल्या जोडीतल्या दोन्ही डिस्कवर एकच पार्ट नंबर असेल तर एका बाजूची उलटी फिरणार हे नक्की. पृष्ठभागावर कोरलेल्या खाचांची दिशा बघून डावी-उजवी ठरवू नका, ठरवायची ती पात्यांवरून.

भोकं आणि खाचा

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, म्हणून मी कमी घालवतो. भोकांमुळे पावसात पहिली पकड किंचित लवकर येते, वजन थोडं कमी होतं आणि डिस्क देखणी दिसते. बदल्यात प्रत्येक भोक हे तडा सुरू व्हायचं ठिकाण, आणि उष्णता साठवायला लोखंड कमी. काही स्पोर्ट्स कार कारखान्यातूनच भोकांच्या डिस्कवर येतात हे खरं, पण त्यांच्या डिस्क गाडीच्या मानाने प्रचंड मोठ्या असतात. साध्या आकाराची डिस्क विकत घेऊन तिच्यात भोकं पाडलेली असतील तर ती ट्रॅकवर नेऊ नका.

खाचा वेगळ्या. त्या पॅडचा चकाकी आलेला थर खरवडत राहतात, पकड ताजी ठेवतात. थराच्या थरथरीवर थोडा उपयोग होतो. आवाज वाढतो, पॅड लवकर संपतं. ज्याची जुनी डिस्क थराने गेली आणि जो खरंच तापवतो, त्याला खाचांची चालेल. डगमगीने गेली त्याला नाही, कारण खाचा हब साफ करत नाहीत.

मधला टोप अॅल्युमिनियमचा आणि कडा लोखंडाचा अशी दोन तुकड्यांची डिस्क ही खरी पुढची पायरी. अखंड डिस्कचा कडा तापून फुगतो, पण टोप त्याला एका बाजूने धरून ठेवतो, त्यामुळे डिस्क किंचित शंकूसारखी होते आणि पॅड तिरकं झिजतं. अशा दोन तुकड्यांच्या फ्लोटिंग डिस्कमध्ये कडा मोकळेपणाने फुगतो. किंमत मोठी, जोडावर खडखड येऊ शकते. नियमित ट्रॅकवर जाणाऱ्यालाच त्याची गरज. कार्बन-सिरॅमिक हलकी आणि उष्णतेला टणक, पण तिला स्वतःची पॅड लागतात, आणि दगड-आदळआपटीने कड उडाली तर पूर्ण डिस्क जाते.

मोठ्या व्यासाची डिस्क घालायची असेल तर आधी त्याच गाडीच्या जास्त ताकदीच्या इंजिनवाल्या मॉडेलला काय आहे ते बघा. बऱ्याचदा त्याची डिस्क, कॅलिपर आणि ब्रॅकेट थेट बसतं. चाकाच्या आत जागा उरते का ते मोजा. फक्त पुढच्या डिस्क फार मोठ्या केल्या तर ब्रेकचा तोल पुढे सरकतो, मागची चाकं कामच करत नाहीत, आणि थांबण्याचं अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकतं. एका ब्रेकला थांबवतो तो टायर. मोठी डिस्क पाचव्या-दहाव्या ब्रेकला कामी येते.

लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग कातून सपाट करून, डिस्क वाचवायची का? थर बसलाय, डिस्क जवळपास नवी आहे आणि लेथ गाडीवरच लावायचा असेल तर हो, कारण मग हबची डगमगही त्यात जुळते. एरवी नाही. डिस्कवर कोरलेली किमान जाडी बघा. नव्या जाडीपेक्षा ती बहुधा दीड-दोन मिमीनेच कमी असते, आणि दामटून चालवणाऱ्याने त्या आकड्यापर्यंत जाऊच नये. पातळ डिस्क म्हणजे कमी लोखंड, म्हणजे जास्त तापमान.

पॅड आणि रुळवणं

नव्या डिस्कवर जुनी पॅड चढवू नका. वेगळ्या जातीची तर नाहीच, आधीचा थर आणि नवा थर एकमेकांत मिसळून डाग पडतात. पॅडच्या काठावर छापलेल्या दोन अक्षरांत पहिलं थंड आणि दुसरं तापल्यावरच्या घर्षणाचा गट सांगतं: ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर ते पॅड तापल्यावर ढेपाळतं. रेसिंगचं पॅड रोज वापरणं हाही उपाय नव्हे. थंड असताना ते डिस्क कानशीसारखं खातं.

डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुवा. मग मोकळ्या रस्त्यावर ८०-९० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मध्ये थोडं अंतर ठेवा. नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवत ठेवून गार करा. डिस्कवर सगळीकडे एकसारखी करडी-निळसर झाक आली पाहिजे. पॅडबरोबर वेगळी सूचना आली असेल तर ती पाळा.

जोरात चालवून आल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका, हँडब्रेकही ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. सिग्नलला थांबावंच लागलं तर अधूनमधून गाडी इंचभर पुढे सरकू द्या. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून रखडत उतरण्यापेक्षा खालचा गिअर लावा, ब्रेक थोडा पण ठाम दाबा आणि सोडा.

गार हवा देण्यासाठी पाइप टाकायचा असेल तर त्याचं तोंड डिस्कच्या मध्यभागी, जिथून पात्या हवा ओढतात, तिथे हवं. एकाच बाजूच्या पृष्ठभागावर हवा मारली तर ती बाजू गार आणि दुसरी गरम राहते, तडे लवकर येतात. डिस्कमागचा पत्रा मात्र सरसकट काढून टाकू नका. तो बॉल जॉइंटचं रबर उष्णतेपासून वाचवतो आणि दगड अडवतो.

तरीही परत आलीच तर

केव्हा आली त्यावरून शोध सुरू करा. पहिल्या दिवसापासून असेल तर बसवण्यात, हबमध्ये किंवा चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये. एकदा दामटून चालवल्यावर लगेच आली तर पॅड, रुळवणं किंवा गरम ब्रेकवर थांबणं. इथे डिस्क उतरवून पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने वर्तुळाकार घासा, पॅडही घासा आणि पुन्हा रुळवा, बऱ्याचदा सुटतं. काही हजार किलोमीटरनंतर हळूहळू आली तर परत डायल गेज. या वेळी गाडी उचललेलीच असेल तर चारही चाकांची मापं घ्या आणि तारीख-किलोमीटरसह लिहून ठेवा. मागच्या डिस्कही त्यात धरा. पुढच्या दोन जोड्या बदलून झाल्यावर दोष मागच्या अडकलेल्या हँडब्रेक केबलमध्ये सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत, आणि ती केबल तपासायला चाक उचलून हाताने फिरवणं पुरतं.